मधुमेहींसाठीची एमसीआर सँडल : रस्त्यावर उत्तम, वावरात निरुपयोगी

वर्ध्याच्या बाजारपेठेतील एका छोट्या दुकानातून, मधुमेही रुग्णांच्या पायांसाठी मुद्दाम बनवून दिल्या जाणाऱ्या एमसीआर (एक प्रकारचे मऊ रबर) तळव्याच्या सँडलचा एक जोड मी गेल्या पोळ्याच्या सुमारास ९५० रुपयांना घेतला. पावसाळ्याची अखेर, कापसाची वेचणी, थंडी आणि त्यानंतरचा उन्हाळा एवढा काळ तो रोजच्या वापरात राहिला असल्यामुळे त्याविषयी आता काही ठामपणे लिहिता येईल. निष्कर्ष आधीच सांगतो. ज्यांच्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे आणि ज्यांना रोज नेमाने चालायचे आहे, त्यांच्यासाठी ही सँडल घेण्याजोगी आहे. मात्र तीच घालून वावरात जाण्याचा विचार असेल, तर पैसे तर वाया जातीलच, शिवाय पायालाही धोका होईल. यातला दुसरा भाग दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून तो येथे जरा विस्ताराने येईल.

मी आर्वी तालुक्यातील एका खेड्यात राहणारा निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. घरची थोडी शेती आहे आणि मधुमेहाला दीड तप उलटून गेले आहे. सरकारी दवाखान्यातील तपासणीत डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगून, १० ग्रॅम दाब पडला की वाकणारा नायलॉनचा धागा तळपायाला ठिकठिकाणी टेकवला. टाचेवर तो कळला, पण अंगठ्याखाली आणि चवड्यावर कळला नाही. त्यानंतर त्यांनी दिलेला सल्ला दुहेरी होता: चालणे अजिबात थांबवायचे नाही, आणि अनवाणी किंवा रबरी स्लिपर घालून चालणे मात्र त्याच दिवसापासून बंद करायचे. पूर्वी अशा रुग्णांना पायांवर भार येणारा व्यायामच टाळायला सांगत असत. योग्य पादत्राण घालून मध्यम गतीने चालल्यास जखमांचा धोका वाढत नाही, असे आता वैद्यकीय मार्गदर्शनात मानले जाते. म्हणजे ज्याची संवेदना गेली आहे त्याला व्यायामाची सवलत मिळत नाही. त्याला फक्त पायात काय घालायचे याचा विचार इतरांपेक्षा जास्त करावा लागतो.

चालण्यावर एवढा भर कशासाठी, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण आमच्याकडे या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर असते: "दिवसभर वावरात राबतो, त्यात अजून वेगळा व्यायाम कशाले?" शेतकाम हा श्रमच आहे, यात शंका नाही, आणि ज्याचे शरीर बाराही महिने सारखे राबते त्याला हा प्रश्न विचारण्याचा अधिकारही आहे. अडचण अशी की शेतातले काम वर्षभर सारखे नसते. पेरणी आणि डवरणीच्या दिवसांत माणूस थकून जातो, निंदणात तासन्‌तास उकिडवा बसतो, वेचणीत एकाच जागी हळूहळू सरकत राहतो, आणि शेवटची पऱ्हाटी (कापसाची झाडे) उपटून झाली की पुढचे काही महिने पारावर बसून काढतो. साखर मात्र रोज आटोक्यात ठेवावी लागते. चालताना पोटऱ्यांचे आणि मांड्यांचे स्नायू इन्सुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातील साखर ओढून घेतात, आणि चालणे संपल्यानंतरही कित्येक तास ते इन्सुलिनला अधिक चांगली दाद देत राहतात. हा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो. म्हणून आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि सलग दोन दिवसांहून अधिक खाडा नको, असा सल्ला दिला जातो. हा आजार शहरातल्या बैठ्या लोकांचा, ही समजूतही सोडून द्यावी लागेल: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार ग्रामीण भागातील प्रौढांमध्येही मधुमेहाचे प्रमाण ८.९ टक्के आहे.

आता मूळ वस्तूकडे वळतो. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. या रबरात हवेच्या असंख्य सूक्ष्म बंद पोकळ्या असतात, त्यामुळे पायाच्या भाराखाली ते दबते आणि भार हटला की पूर्ववत होते. आपण उभे राहतो तेव्हा शरीराचे वजन संपूर्ण तळपायावर सारखे पडत नाही. टाच, चवडा आणि अंगठ्याचा बुंधा या थोड्याच जागा बहुतेक भार सोसतात. निरोगी माणसाला तिथे दुखू लागले की तो नकळत पाऊल थोडे वेगळे टाकतो. ज्याला दुखणे कळतच नाही तो त्याच जागेवर हजारो वेळा तसेच पाऊल टाकत राहतो. मग तिथे घट्टा पडतो, घट्ट्याखाली कातडी आतल्या आत फाटते आणि एक दिवस पायमोज्यावर डाग दिसतो. मऊ रबराचा थर तो भार शेजारच्या जागेवर पसरवतो. या सँडलचे काम एवढेच आहे, आणि ते ती प्रामाणिकपणे करते.

विदर्भातल्या वाचकाला हे पादत्राण नवीन वाटू नये, कारण ते येथे मधुमेहाच्या आधी कुष्ठरोगाच्या निमित्ताने आले. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये सुरू केलेले कुष्ठधाम, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन आणि वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये उभारलेले आनंदवन, अशी कुष्ठसेवेची मोठी परंपरा या भागाला आहे. कुष्ठरोगातही मज्जातंतू निकामी होऊन पाय बधिर होतात, आणि बोटे झडतात ती रोगाच्या जंतूंमुळे थेट नव्हे, तर वेदना न कळल्यामुळे वारंवार होणाऱ्या इजांमुळे व त्यानंतरच्या संसर्गामुळे, हे वेल्लोरच्या रुग्णालयात काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी हाच विचार मधुमेही रुग्णांच्या पायांना लावला. आपल्याकडच्या राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातून बधिर पायांच्या रुग्णांना एमसीआर चपला मोफत दिल्या जातात. मधुमेही माणसाला मात्र त्या स्वतः शोधून विकत घ्याव्या लागतात.

या इतिहासाची एक सावली अजून शिल्लक आहे आणि ती विक्रीवरही पडते. आमच्या शेजारच्या वहिनींनाही मधुमेह आहे, पायांची आग होते, आणि त्यांना मी ही सँडल सुचवली तेव्हा त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे घालून मी बाजारात गेली तर लोकं इचारतील ना, कोन्त्या दवाखान्यातून आनली म्हनून." जुन्या पिढीला या चपलेची जाड काळी पट्टी आणि फुगीर तळवा लांबूनच ओळखू येतो. आजकालचे कारागीर वरचा भाग साध्या सँडलसारखा, तपकिरी किंवा काळ्या रंगात बनवतात आणि एमसीआरचा थर कडेने झाकून टाकतात. माझा जोड तसाच आहे आणि त्याकडे बघून कोणाला काही वेगळे वाटत नाही. महिलांसाठी मात्र त्या दुकानात दोनच नमुने होते आणि दोन्ही पुरुषी सँडल लहान मापात कापल्यासारखे. शिवाय जोडवी घालणाऱ्या बायकांच्या बोटांवर पुढची पट्टी घासते, याचा विचार बनवणाऱ्याने केलेला दिसत नाही. पायाला सूज असेल तर जोडवी स्वतःच बोटात रुततात, त्यामुळे संवेदना कमी झालेल्या स्त्रीने ती काही काळ काढून ठेवावीत हे बरे. पण ते सांगणे सोपे आणि आमच्या गावात पाळणे अवघड, हे दुकानदाराने ओळखून पट्टी रुंद व आतून मऊ करायला हवी होती.

दुकानाबद्दल सर्वांत चांगली बाब अशी की तिथे नंबर विचारून डबा पुढे सरकवत नाहीत. "गुरुजी, पाय आधी दाखवा, सँडल मंग पाहू," असे म्हणून कारागिराने मला स्टुलावर बसवले, दोन्ही पाय पुसून घेतले, बोटांच्या बेचक्यांत पाहिले आणि उजव्या चवड्यावरच्या घट्ट्यावर बोट ठेवून तो केव्हापासून आहे असे विचारले. मग जाड कागदावर उभे करून दोन्ही पावलांची रेघ काढली. दोन्ही पायांची लांबी क्वचितच सारखी असते आणि माप मोठ्या पायाचे घ्यायचे असते. सर्वांत लांब बोटापुढे साधारण अर्धा इंच जागा राहिली पाहिजे, आणि पाय दिवसभरात सुजत असल्यामुळे माप संध्याकाळी घेतलेले अधिक खरे. हे शेवटचे त्यांना माहीत होते, तरीही दुपारी आलेल्या गिऱ्हाइकाला ते परत पाठवत नाहीत, कारण खेड्यातून आलेल्या माणसाला शेवटची एसटी गाठायची असते. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा व्यवहारी आहे: पट्ट्यांना एकाऐवजी तीन ठिकाणी चिकटपट्टी (व्हेल्क्रो) असते, म्हणजे सकाळी घट्ट आणि संध्याकाळी सैल करता येते. जोड तयार व्हायला आठवडाभर लागला आणि तो घेण्यासाठी पुन्हा वर्ध्याला जावे लागले. तालुक्याच्या ठिकाणी माप घेण्याची सोय केली, तर यांचा धंदा दुप्पट होईल असे मला वाटते.

बनावट तपासून घेण्यासारखी आहे. खालचा बाहेरचा तळ कडक, खाचा असलेला आहे. त्यावर एमसीआरचा सुमारे बोटभर जाडीचा थर आणि वरून पातळ अस्तर. संपूर्ण जोडात एकही खिळा नाही, सर्व काम चिकटवून आणि शिवून केलेले आहे. हे महत्त्वाचे यासाठी की साध्या चपलेचा खिळा वर आला तर बधिर पायाला तो कळत नाही आणि माणूस दिवसभर त्यावर चालत राहतो. टाचेमागे पट्टी आहे, अंगठ्याचा खुंटा नाही. अंगठ्याची चप्पल बधिर पायातून निसटते, ती धरून ठेवण्यासाठी बोटे आकसली जातात आणि बेचक्यात घासून जखम होते. त्यामुळे मधुमेही माणसाने अंगठ्याची चप्पल कितीही सवयीची असली तरी सोडावी. माझी एक तक्रार पुढच्या भागाबद्दल आहे. बोटे पुढून उघडी राहतात. त्या दुकानात बंद पुढ्याचा नमुना आहे, पण तो ४०० रुपयांनी महाग आणि उन्हाळ्यात फार गरम होतो असे सांगून ते स्वतःच गिऱ्हाइकाला उघड्या नमुन्याकडे वळवतात. पांदणीच्या वाटेने जायचे असेल, तर हा सल्ला चुकीचा आहे.

नवी सँडल पहिल्याच दिवशी घालून लांब चालायचे नसते, ही सूचना मात्र त्यांनी नीट दिली होती. सुरुवातीला घरात व अंगणात तासभर, मग पाय पाहायचा, कुठे लाली राहिली आहे का ते बघायचे, आणि हळूहळू वेळ वाढवायची. तळवा स्वतःला दिसत नसेल, तर फरशीवर आरसा ठेवून किंवा घरच्या माणसाकडून पाहून घ्यावा. माझ्या डाव्या पायाच्या करंगळीशेजारी पट्टीची लाल रेघ उमटत होती. कारागिराने ती पट्टी मोफत सैल करून दिली. त्यानंतर मी गावापासून फाट्यापर्यंतच्या डांबरी रस्त्यावर सकाळी चालू लागलो. या सँडलची खरी परीक्षा तिथे झाली आणि तीत ती पूर्ण उतरली. पूर्वी कॅनव्हासच्या बुटांत फाट्यावरून परत येईपर्यंत चवड्यावरचा घट्टा गरम लागत असे. तो हळूहळू मऊ झाला आणि नंतर आरोग्य केंद्रातील परिचारिकेने पाहिला तेव्हा वाढ थांबली असल्याचे तिनेच सांगितले. चालण्याचा वेग किती असावा याचा साधा नियम असा आहे की सोबत्याशी बोलता आले पाहिजे, पण भजन म्हणता येऊ नये.

सकाळच्या फेरीइतकाच, कदाचित त्याहून जास्त, उपयोग मला रात्रीच्या जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या शतपावलीचा झाला. जेवणानंतर साखर चढत असते त्याच वेळी स्नायू कामाला लागतात, त्यामुळे तो चढच कमी होतो. घरच्या यंत्रावर जेवणानंतर दोन तासांनी २०० च्या वर येणारा आकडा शतपावलीच्या दिवशी १७० च्या आसपास येऊ लागला. हे श्रेय चालण्याचे आहे, सँडलचे नाही, आणि हा फरक स्पष्ट करणे गरजेचे आहे. कारण दुकानातल्या एका फलकावर ही पादत्राणे "रक्ताभिसरण वाढवून साखर कमी करतात" असे लिहिलेले आहे. हा दावा खोटा आहे. रबराचा कोणताही थर साखर कमी करत नाही. तो फक्त चालणाऱ्याचा पाय वाचवतो. एवढे चांगले काम करणाऱ्या माणसाने असा फलक का लावावा, हे समजत नाही.

त्याहून वाईट प्रकार जत्रांमध्ये दिसतो. प्लास्टिकचे टणक उंचवटे असलेल्या ‘अॅक्युप्रेशर’ चपला "शुगरवाल्यांसाठी खास" म्हणून विकल्या जातात, आणि त्या स्वस्त असल्यामुळे लोक घेतातही. ज्या पायाला टोचणे कळत नाही, त्याच्याखाली टोचणारी वस्तू ठेवणे म्हणजे एमसीआरच्या नेमके उलटे: भार पसरवण्याऐवजी तो पंधरा-वीस टोकांवर गोळा करणे. आमच्याच गावातील एका गृहस्थांच्या टाचेला अशा चपलेने जखम झाली आणि ती भरून येण्यास कित्येक महिने लागले.

आता वावराविषयी. आमच्याकडची जमीन काळी, चिकट आहे. पावसाळ्यात दोन पावले टाकली की सँडलखाली गाऱ्याचा इतका जाड थर चढतो की पाऊल तिरपे पडते, आणि तिरप्या पावलाखाली मऊ रबराचा काही फायदा उरत नाही. पाणी अस्तरात मुरते आणि वाळायला दोन दिवस घेते. ओल्या सँडलमध्ये कातडी पांढरी पडून भिजते आणि बोटांच्या बेचक्यांत बुरशी धरते. चिखल वाळल्यावरही सुटका नाही. पऱ्हाटी आणि तूर कापल्यावर जमिनीत राहणारी धसकटे उघड्या पुढ्यातून सरळ बोटांत घुसतात. सराटे बाहेरच्या तळात रुतून बसतात, तेवढे चालते. बाभळीचा लांब काटा मात्र बाहेरचा तळ आणि एमसीआर दोन्ही भेदून वर येतो. मऊ रबर काट्याला अडवत नाही, ते त्याला वाट देते. निरोगी माणूस काटा लागताच थांबतो आणि बसून काढतो. माझ्यासारख्याला तो घरी आल्यावर, पाय धुताना, कधीकधी पायमोजा काढताना दिसतो. धुऱ्यावरच्या वाळलेल्या गवताची कुसळे चिकटपट्टीत इतकी अडकतात की ती धरतच नाही. त्यांतली प्रत्येक सुईने काढत बसावे लागते. या सर्व कारणांमुळे वावरात जाण्यासाठी मी जाड तळाचे, पुढून बंद असलेले कामाचे बूट वेगळे ठेवले आणि त्यांच्यात त्याच कारागिराकडून एमसीआरचा पातळ काढता-घालता येणारा तळ बसवून घेतला. त्यासाठी बूट एक माप मोठे घ्यावे लागतात, अन्यथा तळ घातल्यावर बोटे वरून दबतात. हा जोडउपाय सँडलपेक्षा स्वस्त पडतो आणि शेतकऱ्यासाठी तोच अधिक उपयोगी आहे, असे माझे मत आहे.

ओलिताचा प्रश्न याहून अवघड आहे. वीज रात्री असते, म्हणून ओलीत रात्रीच करावे लागते, आणि अंधारात पाण्यातून चालताना बहुतेक लोक अनवाणी असतात किंवा गमबूट घालतात. गमबुटात काटा लागत नाही, साप-विंचवापासूनही संरक्षण मिळते, पण आत घामाने पाय उकडून निघतो. कोरड्या सुती पायमोज्यांचा दुसरा जोड खिशात ठेवून मध्येच बदलणे, घरी आल्यावर पाय पुसून बोटांमधील जागा कोरडी करणे, एवढेच करता येते. एमसीआर सँडल या कामाला चालत नाही, आणि ती चालेल असे कोणी सांगितले तरी ऐकू नये.

उन्हाळ्यात मात्र तिने माझ्या अपेक्षेपेक्षा चांगले काम केले. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि दुपारचे डांबर त्याहून कितीतरी अधिक तापते; हवेच्या पोकळ्यांमुळे एमसीआरमधून उष्णता लवकर वर येत नाही. तरीही त्या दिवसांत सकाळी सूर्य वर येण्याआधी चालून घ्यावे, कारण उन्हात शरीरातील पाणी कमी झाले की साखर वाढते आणि चक्करही येते. धोका असतो तो जिथे पादत्राण काढावे लागते तिथे. देवळाच्या तापलेल्या फरशीवर दुपारी अनवाणी प्रदक्षिणा घालून तळपायाला फोड आलेले मधुमेही आमच्या भागात नवे नाहीत, कारण त्यांना चटका कळलेलाच नसतो. शेगावला पायदळ जाणारे अनेक जण श्रद्धेने अनवाणी निघतात. ज्यांचा पाय बधिर आहे त्यांनी निदान वाटचाल पादत्राण घालून करावी आणि मंदिरात जाड सुती पायमोजे घालून जावे. गजानन महाराजांच्या दर्शनाला त्याने काही उणेपणा येत नाही. पायमोजे पांढरे किंवा फिकट रंगाचे घ्यावेत, म्हणजे रक्ताचा वा पाण्याचा डाग लगेच दिसतो. त्यांची शिवण जाड नसावी आणि वरचे इलॅस्टिक रुतणारे नसावे.

सँडल कितीही चांगली असली तरी काही गोष्टी तिच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. जे इन्सुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांची साखर चालताना एकदम खाली येऊ शकते. हात थरथरणे, घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे अशी लक्षणे दिसताच थांबून तीन चमचे साखर किंवा तेवढेच ग्लुकोज घ्यावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढेच घ्यावे. पांदणीवर मदतीला माणूस सापडेलच असे नसते, म्हणून खिशात साखरेची पुडी आणि मोबाइल ठेवूनच निघावे. पायावर उघडी जखम असेल, किंवा एक पाऊल अचानक सुजून लाल व गरम झाले असेल आणि तरीही दुखत नसेल, तर कोणतीही सँडल घालून चालू नये, थेट डॉक्टरांकडे जावे. न दुखणारी ती सूज आतील हाडे खचत असल्याची खूण असू शकते. त्या काळात खुर्चीत बसून हातांचे व मांड्यांचे व्यायाम करता येतात.

टिकाऊपणाबद्दल सांगायचे तर वरचा भाग व शिवण अजून जशीच्या तशी आहे, पण एमसीआर उजव्या चवड्याखाली स्पष्टपणे दबले आहे. हा दोष कारागिराचा नाही. हे रबर वापराने सपाट होतेच, आणि सपाट झालेला थर घालत राहणे म्हणजे साधी चप्पल घालण्यासारखेच. अंगठ्याने दाबून पाहावे: रबर दबून वर येत नसेल, तर थर बदलायची वेळ झाली. दुकानात नुसता थर बदलून देण्याचे २५० रुपये घेतात, जे रास्त आहे. आत हात घालून खडा, काटा किंवा अस्तराची सुरकुती आहे का हे रोज पायात घालण्यापूर्वी पाहणे मात्र कोणत्याही किमतीच्या पादत्राणाला चुकत नाही.

ज्यांच्या पायाची संवेदना शाबूत आहे, जखमेचा पूर्वेतिहास नाही आणि बोटे वाकडी झालेली नाहीत, अशा मधुमेहींना ९५० रुपये घालवण्याची गरज नाही. मापात बसणारे, पुढून रुंद, साधे खेळाचे बूट त्यांना पुरेसे आहेत. आपण कोणत्या गटात बसतो हे ठरवण्यासाठी वर्षातून एकदा पायांची तपासणी करून घ्यावी. ३० वर्षांवरील लोकांची साखर आणि रक्तदाब गावच्या आरोग्य उपकेंद्रातही तपासतात, आशाताईंकडे चौकशी केली तर दिवस कळतो, आणि पुढे नायलॉनच्या धाग्याची तपासणी ग्रामीण रुग्णालयात किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात करून घेता येते. मी दुसरा जोड त्याच दुकानात सांगितला आहे. या वेळी पुढून बंद नमुना, टाचेमागची पट्टी अर्धा इंच उंच आणि चिकटपट्टीऐवजी बकल अशा तीन बदलांसह तो बनवायला कारागीर तयार झाले आहेत; बकलाचे ५० रुपये जास्त लागतील, असे ते म्हणाले.